एकाच नावाचं पाणी

पाद्रीसाहेबांनी फळ्यावर खडूने 'साबेलियस' हे नाव लिहिलं तेव्हा भिवाजी मास्तर पन्ह्याचा दुसरा पेला तोंडाला लावत होता. तो पेला पुढची सगळी दुपार त्याच्या हातात तसाच राहिला.

चव्वेचाळीस सालचा मे महिना होता. कर्जतला मिशनच्या घरी आसपासच्या गावांतल्या उपदेशकांचा आठ दिवसांचा वर्ग भरला होता. उपदेशक म्हणजे अंगावर पाद्रीचा झगा नाही, पण पाद्रीची निम्मी कामं ज्याच्या गळ्यात, असा माणूस. शाळा चालवायची, तापकऱ्याला औषध द्यायचं, रविवारी प्रार्थना घ्यायची आणि ज्यांना ख्रिस्ती व्हायचंय त्यांना शिकवून बाप्तिस्म्यासाठी तयार करायचं. भिवाजी कोंडाण्याच्या लेण्यांअलीकडच्या एका गावात हे सहा वर्षं करत होता, आणि चांगलं करत होता. ही माहिती तो कोणी न विचारताही द्यायचा.

पाद्रीसाहेब मूळचे नगरकडचे. आवाज बारीक, प्रकृती त्याहून बारीक, पण जुन्या काळच्या ख्रिस्ती लोकांची भांडणं सांगायला लागले की काल चावडीवर बसून पाहिल्यासारखी सांगायचे. आदल्या दिवशी त्यांनी आरियसची गोष्ट सांगितली होती. आरियस म्हणायचा, पुत्र मोठा खरा, पण तो बापाने घडवलेला. एक वेळ अशी होती की पुत्र नव्हताच. त्याने याची गाणी रचली आणि नावाडी नि दळणारे ती गात सुटले. शेवटी निकाया नावाच्या गावी शेकडो बिशप गोळा झाले. कुणाचा डोळा गेलेला, कुणाचा पाय मोडलेला, कारण थोड्याच वर्षांमागे सरकार त्यांना ख्रिस्ती म्हणून छळत होतं. त्या माणसांनी ठरवलं की पुत्र घडवलेला नाही, तो बापाइतकाच देव. ही गोष्ट भिवाजीला फार आवडली. आपण आरियसच्या बाजूला कधीच नव्हतो, याचं त्याला समाधान वाटलं होतं.

"आज त्याच्याही शंभर वर्षं आधीचा माणूस," पाद्रीसाहेब म्हणाले. "आरियसने बाप आणि पुत्र यांना तोडलं. या साबेलियसने उलटं केलं, दोघांना एकच करून टाकलं. तो म्हणायचा, देव एकटाच आहे. तोच कधी बापाचं रूप घेतो, कधी पुत्राचं, कधी पवित्र आत्म्याचं. आत माणूस एकच, वरचं सोंग तेवढं बदलतं. ऐकायला सोपं, म्हणून लोकांना पटकन पटलं. ख्रिस्ती मंडळीने त्याला बाहेर काढलं. पुढे असा नियम झाला की त्याच्या पंथातून कोणी परत आला, तर त्याला बाप्तिस्मा झालेलाच नाही असं धरायचं आणि नव्याने द्यायचा."

भिवाजीने पेला तोंडापासून खाली घेतला.

हेच सोंगाचं तो सहा वर्षं शिकवत होता. त्याचा बाप धाकलू बहुरूपी होता. सुगी संपली की तो कर्जत-खालापुरातल्या गावांतून हिंडायचा. आज पोलीस होऊन दारात जप्तीची धमकी द्यायचा, उद्या पोटाला गाठोडं बांधून अडलेल्या बाईच्या कळा द्यायचा, परवा लंगडा गोसावी व्हायचा. चौथ्या दिवशी सगळी सोंगं उतरवून, हसऱ्या तोंडाने दारोदार पसाभर धान्य मागायचा. धाकलू मेला आणि पोरगा मिशनच्या शाळेत वाढला. देव एक आणि तरी पिता, पुत्र, पवित्र आत्मा असे तीन, यालाच त्रैक्य म्हणतात, आणि ते लोकांच्या गळी उतरवताना भलेभले पाद्री घामाघूम होत. भिवाजीला घाम कधी आला नाही. तो म्हणायचा, "माजा बा ठावं हाय ना? सोंगं तीन, धाकलू एकच. तसाच देव." लोक हसायचे, माना हलवायचे आणि पाठ पुढे सरकायचा.

तेवढंच असतं तर त्याने कान धरले असते आणि पुढे नीट शिकवलं असतं. चुकीचं शिकवलं म्हणून मास्तरला कोणी सुळावर देत नाही. त्याच्या हातातला पेला तसाच राहिला तो जयवंतामुळे.

जयवंता म्हणजे त्याची मुलगी. जानेवारीत ती पाच महिन्यांची होऊन हिवतापाने गेली. कोयनेल सगळं लढाईवर गेलेलं, दवाखान्यात नुसता काढा मिळायचा. पाद्रीसाहेब ईस्टरला येऊन तिचा बाप्तिस्मा करणार होते, पण त्या दुपारी पोर तिच्या आईच्या, गोदाच्या, मांडीवर पडल्या पडल्या लांब लांब श्वास घेऊ लागली. पाद्री जवळ नसेल आणि जीव जायची वेळ आली, तर कोणाही ख्रिस्ती माणसाने पाणी घालावं, ही मिशनची रीत. भिवाजीने तांब्या उचलला. तिन्ही नावं घ्यायला वेळ होता. नव्हता असं त्याला पुढे कितीदा म्हणावंसं वाटलं, पण होता. त्याने पोरीच्या टाळूवर तीनदा पाणी घातलं आणि म्हणाला, "जयवंता, मी तुला येशूच्या नावाने बाप्तिस्मा देतो." एकाला हाक मारली की तिघांना पोचते, कारण आत एकच आहे, हे त्याच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की दुसरं काही सुचलंच नाही. दिवस मावळायच्या आत पोर गेली. पुढे पाद्रीसाहेब बाप्तिस्म्याची वही घेऊन आले. तिच्यात छापलेलंच होतं, 'पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने'. भिवाजीने पोरीची ओळ भरली आणि खाली सही केली.

दुपार सरत आली तेव्हा त्याने पेला जमिनीवर ठेवला आणि चारचौघांत विचारावं तसं विचारलं, "साहेब, समजा एखाद्या आडगावच्या मानसानं घाईघाईत नुस्तं येशूच्या नावानं पाणी घातलं तर? पेत्रानं प्रेषितांच्या पुस्तकात तसंच सांगितलंय ना?"

"पेत्राच्या तोंडी ते आहे खरं," पाद्रीसाहेब म्हणाले. "पण पाणी घालताना काय म्हणायचं ते प्रभूने स्वतः सांगितलंय, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी. तिघांचं नाव नाही तर तो बाप्तिस्मा नाही, नुसतं पाणी. कोणी केलंय का असं?"

"नाय साहेब," भिवाजी म्हणाला. "आपलं इचारलं."

वर्ग संपवून तो घरी निघाला तेव्हा ऊन रणरणत होतं आणि त्याच्या अंगावर काटा होता. मिशनच्या शाळेत असताना एका म्हाताऱ्या बाईने त्यांना सांगितलं होतं की बाप्तिस्मा न झालेलं मूल देवाच्या दारात जाऊन उभं राहतं, आत जाऊ शकत नाही. पुस्तकात असं काही नाही हे भिवाजीला मोठेपणी कळलं होतं. पण लहानपणी ऐकलेलं पुस्तकं वाचून जात नसतं. त्याला ते दार दिसू लागलं. पाच महिन्यांची पोर दारात उभी तरी कशी राहील, ती तर अजून बसतही नव्हती. या विचाराने तो रस्त्यातच एका ऐनाच्या बुंध्याला धरून बराच वेळ थांबला.

घरी गोदा तांदूळ पाखडत होती. जयवंता गेल्यापासून ती कमी बोलायची. जे बोलायची ते कामाच्या ओघात, देवाशी. शेजाऱ्याशी बोलावं तशी बोलायची. "पोरीला सांभाळ रं बाबा," असं म्हणून सूप झटकायची. आधी भिवाजीला ते ऐकून बरं वाटायचं. आता प्रत्येक वेळी त्याच्या काळजात सुरी फिरायला लागली.

"अवं, जेवत का नाय?" तिने तिसऱ्या दिवशी विचारलं.

"उन्हाचं," तो म्हणाला.

"इतकं कसलं ऊन लागलंय?" असं म्हणून तिने त्याच्या कपाळाला हात लावला. त्याला वाटलं, हिच्या हाताला सगळं कळेल. तो उठून बाहेर गेला.

त्यातून रविवार जवळ येत होता. वरच्या ठाकूरवाडीतली सात माणसं भिवाजीने वर्षभर शिकवून तयार केली होती. रविवारी कर्जतच्या प्रार्थनामंदिरात पाद्रीसाहेब त्यांना प्रश्न विचारणार, आणि उत्तरं बरी आली तर पावसाळ्याआधी बाप्तिस्मा होणार. सातही जणांना बहुरूपी तोंडपाठ होता. एकाने जरी तो सांगितला, तर पाद्रीसाहेब विचारणार, हे कोणी शिकवलं? मग विचारणार, मास्तर, तुमचाच असा समज, तर तुमच्या मुलीला पाणी घालताना तुम्ही काय म्हणालात? आणि तिथे गोदा बसलेली असणार. भिवाजीची झोप उडाली, ती या एका प्रश्नाने.

शुक्रवारी तो वाडीवर चढून गेला. जना म्हातारी अंगणात करवंदं निवडत बसली होती आणि तिचा नवरा धोंडी कुडाला टेकून विळ्याची मूठ बसवत होता. ही दोघं सातांतली सगळ्यांत वडील, ती सांगतील तसं बाकीचे सांगणार.

"जनाबाय, ते बहुरूप्याचं इसरा," भिवाजी बसायच्या आधीच म्हणाला.

"का रं मास्तर?"

"चुकलं माजं. पाद्रीसायेब पुसतील तवा ते बोलू नका. म्हना, तिघं हायेत आन देव एकच हाय."

"आन ते कसं?"

इतक्या वर्षांत भिवाजीकडे उदाहरण नाही असं पहिल्यांदाच झालं होतं. "ते नीट कुनालाच सांगता येत नाय," तो म्हणाला.

जनाने सडकी करवंदं बाजूला टाकली. "बरं जालं सोडलंस ते. मला कदी पटलंच नवतं. तू हौसेनं सांगायचास, म्हनून गप रायले."

"का पटलं नाय?"

"तुजा बा यायचा आमच्या वाडीवर. एकदा मढ्याचं सोंग घेऊन पडला वता या अंगनात. पोरं रडाय लागली. मंग उठला नि भाकर मागितली." ती हसली नाही. "तू सांगितलंस, देव खांबावर मेला. म्या म्हनलं, खरा मेला का मढ्याचं सोंग घेतलं? आन मरताना वरडला ना तो, मला का सोडलंस म्हनून? तो आन त्याचा बाप एकच मानूस आसंल, तर वरडला कुनाला? आपल्या आपल्यालाच?"

भिवाजीला वाटलं, ही काही न शिकलेली बाई, हिला हे आधीच दिसलं होतं आणि मी सहा वर्षं फळ्यापुढे उभा राहून हसत होतो. त्याला आता नवीनच भीती वाटायला लागली. बहुरूपी खोटा ठरला तर त्याची पोर दाराबाहेर. आणि बहुरूपी खरा असला तर क्रुसाच्या खांबावरची ती हाक कुणी ऐकलीच नव्हती, मग जयवंताच्या त्या दुपारचं तरी कोण ऐकणार? दोन्हीकडून त्याची पोर एकटी पडत होती.

"ध्यानात ऱ्हाईल ना?" त्याने धोंडीला विचारलं.

"ऱ्हाईल रं," धोंडी म्हणाला. "बहुरूप्याचं बोलायचं नाय. तिघं हायेत, देव एकच हाय. म्या घोकून ठेवतो."

त्याने खरंच घोकलं. उतरताना भिवाजीला पार खालच्या वळणापर्यंत त्याचा आवाज ऐकू येत होता.

रविवारी प्रार्थनामंदिरात वाडीची सात माणसं पुढच्या सतरंजीवर बसली. मागे बायकांमध्ये गोदा होती. भिवाजी भिंतीला पाठ लावून उभा राहिला. टेबलावर पाण्याचा तांब्या होता, दौत होती आणि ती जाड पुठ्ठ्याची वही होती. खाली स्टेशनात घाट चढायला मागून जोडायचं इंजिन शिट्ट्या देत होतं, आणि दर शिट्टीला भिवाजी दचकत होता.

पाद्रीसाहेबांनी सोप्यापासून सुरुवात केली. जग कोणी केलं, प्रभू कुठे जन्मला, आज्ञा किती. वाडीने पटापट उत्तरं दिली. मग ते धोंडीकडे वळले.

"धोंडीबाबा, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, हे कसं ते सांगा बरं."

धोंडी ताठ बसला. "तिघं हायेत," तो मोठ्याने म्हणाला. "देव एकच हाय. आन पाद्रीसायबाला बहुरूप्याचं सांगायचं नाय."

कोणी हसलं नाही. वाडीच्या माणसांना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही आणि भिवाजीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. जनाने नवऱ्याला कोपराने ढोसलं, पण बाण सुटून गेला होता.

"कसलं बहुरूप्याचं?" पाद्रीसाहेबांनी विचारलं. मग त्यांची नजर सावकाश भिंतीकडे गेली.

"माजं हाय ते," भिवाजी म्हणाला. "मी शिकवलं वतं. सोंगं तीन, मानूस एकच. तुमी वर्गात साबेलियस सांगितलात तवा कळलं. मंग वाडीवर जाऊन इसरा म्हनून सांगितलं."

आता पोरीच्या पाण्याचा प्रश्न येणार, असं त्याला वाटलं. पण पाद्रीसाहेबांच्या चेहऱ्यावर राग दिसला नाही. उलट ते जरासे हसले.

"तुम्ही एकटेच नाही हो," ते म्हणाले. "मी स्वतः तरुणपणी पाणी, बर्फ आणि वाफ सांगत हिंडायचो, तेही त्याच जातीचं. उदाहरण देऊ गेलं की प्रत्येक जण थोडाफार साबेलियस होतो. वाडीवर जाऊन दुरुस्त केलंत, हे तुमच्या मनाचं मोठेपण." मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं आणि आवाज आणखी मऊ झाला. "म्हणूनच वर्गात तो प्रश्न विचारलात का? अहो, मनाला लावून घेऊ नका. शिकवण चुकली तरी बाप्तिस्मा चुकत नाही. पाणी घालणाऱ्याच्या डोक्यात काय होतं ते देव धरत नाही. शब्द बरोबर पाहिजेत, बस. तुमच्या जयवंताला तुम्ही तिघांच्या नावाने पाणी घातलंत. इथे तुमची सही आहे. पोर सुखरूप आहे."

बायकांमध्ये गोदाने मान वर केली.

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण त्या दुपारचा शब्दन् शब्द तिच्यापाशी होता. भिवाजीने तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ किंचित हलले, मनात काहीतरी पुन्हा म्हणून पाहत असल्यासारखे. एक नाव. मग ती थांबली आणि त्याच्याकडे बघत राहिली.

भिवाजी सुटला होता. पाद्रीसाहेबांनीच दार उघडून दिलं होतं आणि साक्षीदार एकच होता, तोही असा की चारचौघांत नवऱ्याविरुद्ध तोंड उघडणार नाही. गप्प बसलं की झालं. पण गोदाच्या डोळ्यांत त्याला ते येताना दिसलं. गेले दहा दिवस जे त्याच्या छातीवर बसलं होतं, ते आता तिच्याकडे निघालं होतं. ती काही विचारणार नव्हती. सुपात तांदूळ पाखडत, कोणाला न सांगता, जन्मभर ते वागवणार होती. आपण हे दिवस कसे काढले ते भिवाजीला ठाऊक होतं. ते गोदाला एकटीला काढायला लावायचं त्याच्याने होईना.

"साहेब," तो म्हणाला, "तिघांचं नाय घेतलं. एकाचंच घेतलं. येशूच्या नावानं म्हनलो. सही खोटी हाय."

पाद्रीसाहेबांनी चष्मा काढला आणि उगाच पुसला. मघाशी जे बोलले ते त्यांना परत घेता येत नव्हतं आणि ठेवताही येत नव्हतं. ते फार थकलेले दिसले.

"भिवाजी," ते म्हणाले, "देव या वहीला बांधलेला नाही. पण मी आहे. यात खोटं राहू देता येत नाही मला." त्यांनी वही उघडली, पानं उलटली आणि जानेवारीच्या पानावर थांबले. "ज्याची सही त्यानेच खोडायचं असतं."

भिवाजी टेबलापाशी गेला. ओळ त्याच्याच अक्षरातली होती. जयवंता, बापाचं नाव भिवाजी, वय पाच महिने. त्याने टाक शाईत बुडवला आणि शाईचा एक थेंब टेबलावर पडला. स्वतःच्या हाताने पोरीला दाराबाहेर ठेवायचं होतं. त्याने टाक टेकवला, उचलला, परत टेकवला.

"मला न्हाय जमत," तो म्हणाला.

गोदा उठली. बायकांमधून वाट काढत पुढे आली, पदर डोक्यावर नीट घेतला आणि टेबलाच्या बाजूला उभी राहिली. पाद्रीसाहेबांसमोर ती आजवर एक वाक्यही बोलली नव्हती.

"खोडा," ती नवऱ्याला म्हणाली. "लिवलंय ते खोटं हाय, तर खोडा." मग ती पाद्रीसाहेबांकडे वळली. तिचा आवाज बारीक होता, पण अडखळला नाही. "सायेब, मी बहुरूपी कदी मानला नाय. यांना सांगितलं नाय येवढंच. माजी पोर गेली तवापास्नं मी बापाशी बोलते. त्याचं पोरगं त्याच्या डोळ्यांम्होरं गेलंय. पोरगा हाका मारत वता आन तो ऐकत वता. बाप आन पोरगा एकच असतं तर मी कुनाशी बोलले असते? माजं दुखनं त्याला कसं कळलं असतं?" ती क्षणभर थांबली. "ज्यानं सोताचं पोर असं मरताना पाह्यलं, त्याला माजी पोर वळखाया ही वही लागते व्हय?"

पाद्रीसाहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि खिडकीबाहेर पाहिलं.

गोदाने भिवाजीचं मनगट धरलं. त्याने जयवंताच्या नावावरून एक रेघ ओढली, शेवटपर्यंत. शाई टिपायला कागद नव्हता, म्हणून सगळे ती वाळेपर्यंत थांबले. वाडीच्या माणसांना पाद्रीसाहेबांनी पुढे एकही प्रश्न विचारला नाही. सातही जणांची नावं पुढच्या रविवारसाठी लिहून घेतली आणि भिवाजीला म्हणाले, उद्या सकाळी या, तुमच्या कामाचं काय करायचं ते बोलू.

दोघं गावाकडे निघाली. गोदा पुढे होती, झपाझप चालत होती. नदीच्या उतारापाशी आल्यावर ती एकाएकी मटकन खाली बसली. भिवाजी धावत गेला.

"अवं," ती म्हणाली, "मी आत बोलले ते खरं हाय ना?"

भिवाजी तिच्यापुढे उकिडवा बसला. 'खरं हाय' हे शब्द त्याच्या अगदी ओठांवर आले होते. सहा वर्षं अशी उत्तरं देण्यातच त्याचा हातखंडा होता. त्याने ते शब्द गिळले.

"मला ठावं नाय गं," तो म्हणाला. "मला लई भ्या वाटतंय."

"मलाबी."

तिने त्याचा हात शोधला आणि घट्ट धरला. समोर उल्हास नदीला आता घोटाभरच पाणी उरलं होतं.

"मंग आपुन त्यालाच इचारू," भिवाजी म्हणाला. "तू बोलतीस तसं. मला येत नाय तसं बोलाया. तू सुरू कर."